मोफत सॉफ्टवेअरची शिदोरी

ठाणे, डोंबिवली आणि कल्याण परिसरातील बहुतेक मध्यमवर्गीय घरांत संगणक आला तो विसाव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, ओळखीतल्या एखाद्या मुलाकडून ते जुळवून घ्यायचे आणि त्याच मुलाने जाता जाता विंडोज, ऑफिस, फोटोशॉप आणि मराठी फाँटचा एखादा संच ‘टाकून’ द्यायचा, असा रिवाज होता. या टाकून देण्याचे पैसे कोणी मागत नसे आणि कोणी देतही नसे. सॉफ्टवेअर ही विकत घेण्याची वस्तू आहे, हेच अनेकांच्या गावी नव्हते. त्या सवयीचे व्याज आजही फेडावे लागत आहे. चोरीच्या प्रतीचे कुलूप उघडणाऱ्या ‘क्रॅक’बरोबर व्हायरसही घरात शिरतो आणि एखाद्या सकाळी दहा वर्षांची छायाचित्रे बंदिस्त होऊन पडद्यावर खंडणीची मागणी झळकते.

वास्तविक घरगुती कामांपैकी जवळजवळ प्रत्येकासाठी कायदेशीर आणि विनामूल्य सॉफ्टवेअर उपलब्ध आहे. फुकट ते पौष्टिक ही म्हण येथे बऱ्याच अंशी खरी ठरते. मात्र फुकटातही प्रकार असतात आणि ते आधी समजून घेणे बरे.

मोफत वेगळे, मुक्त वेगळे

इंग्रजीत या दोन्ही गोष्टींसाठी एकच शब्द असल्याने तेथे बरेच शब्दांचे बुडबुडे फुटले आहेत. मराठीला ती अडचण नाही. ज्याचे पैसे पडत नाहीत ते मोफत. ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येते ते मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ही मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ चालू आहे. व्हीएलसी, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, गिंप ही सारी त्या घराण्यातील. ती घरात, दुकानात, क्लासमध्ये, सोसायटीच्या कचेरीत कोठेही वापरली तरी परवान्याची चिंता नसते.

याउलट इर्फानव्ह्यू पाहा. मूळच्या बोस्नियाच्या इर्फान श्किल्यान यांनी १९९६ मध्ये लिहिलेली ही चित्रे पाहण्याची आणि लहान-मोठी करण्याची सुविधा घरगुती वापरासाठी मोफत आहे. व्यापारी आस्थापनेत वापरायची तर शुल्क भरावे लागते. आपल्याकडे फोटो स्टुडिओपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत ती सर्रास दिसते, आणि ही अट तेथे किती जणांना माहीत असेल याची शंकाच आहे. तिसरा प्रकार उमेदवारीचा. विनरार चाळीस दिवसांसाठी म्हणून येतो आणि वर्षानुवर्षे घरात ठाण मांडून बसतो. त्याच्याऐवजी इगोर पाव्हलोव्ह यांचा सेव्हन-झिप घ्यावा. १९९९ पासूनचा हा मुक्त प्रकल्प झिप आणि रार दोन्ही उघडतो. त्याची नवी आवृत्ती आपोआप येत नाही, ती अधूनमधून स्वतः आणावी लागते, एवढे लक्षात ठेवावे.

पत्रे, ठराव आणि हिशेब

वर्ड आणि एक्सेलची जागा घेणारा संच म्हणजे लिब्रेऑफिस. त्याची वंशावळ थोडी सांगायला हवी, कारण तिच्यामुळे अनेकांची फसगत होते. जर्मनीत जन्मलेले स्टारऑफिस सन या कंपनीने १९९९ मध्ये घेतले आणि पुढच्याच वर्षी त्याची आज्ञावली खुली केली, ते ओपनऑफिस. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. त्याच वर्षी बहुसंख्य कार्यकर्त्यांनी वेगळी चूल मांडली आणि लिब्रेऑफिस जन्मले. ओपनऑफिस हे नाव अजून कानावर आहे म्हणून पुष्कळ जण आजही तेच उतरवून घेतात. पण त्याची वाढ कधीचीच खुंटली आहे. घ्यायचे तर लिब्रेऑफिसच घ्यावे.

गृहनिर्माण सोसायटीच्या सभेचे इतिवृत्त, मासिक देखभाल खर्चाची यादी, मुलांचे प्रकल्प, लग्नाच्या खर्चाचा ताळेबंद यांसाठी हा संच पुरून उरतो. मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कचेरीतून आलेल्या गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी यात थोडी विस्कटते, आणि एक्सेलमध्ये मॅक्रो लिहून बनविलेल्या फायली बहुधा नीट चालत नाहीत. सनदी लेखापालाकडे पाठवायची फाइल असेल तर ती त्याच्याच प्रकारात जतन करून एकदा तपासून पाठवावी.

मराठीचा जुना गुंता

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित विषय हा आहे. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी उमटवण्याची युक्ती अशी होती की, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवायचे. शिवाजी, आकृती, श्रीलिपी, सी-डॅकचे सुरेख अशा प्रत्येक फाँटची बसवणूक वेगळी. संगणकाच्या लेखी मात्र तो मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळच राहतो. तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांगोळी दिसते. सोसायट्यांची जुनी इतिवृत्ते, मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांचे मजकूर, घराण्यांचे कुलवृत्तांत असे किती साहित्य आपल्या परिसरातील जुन्या हार्ड डिस्कवर आणि सीडींवर या अवस्थेत पडले असेल! ज्या डीटीपीवाल्याने ते टंकले त्याचे दुकान बंद झाले की किल्लीच हरवली.

यावरचा उपाय युनिकोड. १९९१ मध्ये आलेल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले होते. पण ती घरच्या संगणकावर सहज दिसू लागली विंडोज २००० आणि एक्सपीपासून. त्यांतील ‘मंगल’ हा फाँट घडवला तो मुंबईचे सुलेखनकार आणि कवी प्रा. र. कृ. जोशी यांनी. तरीही मराठी मुद्रणव्यवसाय जुन्याच फाँटवर अडकून राहिला, आणि त्याला कारणही होते. घराघरांत आणि छापखान्यांत रुळलेल्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड कळत नव्हते. आज त्या कामासाठी स्क्रायबस हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि त्याची १.६ ही २०२४ ची आवृत्ती देवनागरी जोडाक्षरे नीट मांडते. स्मरणिका काढणाऱ्या हौशी मंडळांनी ते अवश्य पाहावे. शिकायला मात्र चार रविवार द्यावे लागतील.

जुन्या फायली वाचवायच्या असतील तर प्रथम वर्डमध्ये फाइल उघडून फाँटचे नाव टिपून घ्यावे; मूळ फाँट संगणकात नसला तरी नावाच्या चौकटीत ते दिसते. त्या नावाचा युनिकोड परिवर्तक आंतरजालावर शोधला की बहुधा सापडतो. काही परिवर्तक संगणकावर उतरवून घेऊन जोडणीशिवायही चालतात. खासगी कागदपत्रांसाठी तेच बरे. रूपांतर नेहमी प्रतीवर करावे, मूळ फाइलला हात लावू नये. नंतर तीन ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहावे: रफार, जोडाक्षरे आणि मजकुरातले इंग्रजी शब्द. जुन्या फाँटमध्ये मराठी आणि इंग्रजीचे संकेत एकच असल्याने परिवर्तक इंग्रजी नावांचेही देवनागरी कडबोळे करून ठेवतो. ते हाताने दुरुस्त करण्यावाचून इलाज नाही.

नवे टंकलेखन करण्यासाठी वेगळे काही विकत घ्यायला नको. विंडोजच्या भाषाविषयक सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, आणि २०१९ च्या मे महिन्यातील सुधारणेपासून उच्चारानुसारी कळफलकही मिळतो. विंडोजची कळ दाबून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणे पहिल्या दिवशी सोपे वाटते खरे. परंतु ज्यांना रोज पानभर लिहायचे आहे त्यांनी इनस्क्रिप्टच शिकावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. १९९१ च्या भारतीय मानकात बसलेली ही रचना आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आठ-पंधरा दिवसांत बोटे बसतात. शिवाय ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि जोडाक्षरांच्या बाबतीत यंत्र आपल्या वतीने तर्क करीत बसत नाही. दर्या आणि दऱ्या यांत फरक करता येणे ही मराठीची गरज आहे आणि इनस्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे.

सुबक फाँट हवे असतील तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ पाहावेत. दोन्ही खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे लग्नपत्रिकेपासून पुस्तकापर्यंत कोठेही वापरता येतात.

छापील मराठी मजकूर टंकून काढण्याचे कष्टही आता वाचू शकतात. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८० च्या दशकात सुरू झालेले आणि २००५ मध्ये खुले झालेले टेसरॅक्ट हे अक्षरओळखीचे सॉफ्टवेअर मराठी वाचते. त्याला खिडकीचा चेहरा देणारे जीइमेजरीडर घेतले की आज्ञा टंकत बसावे लागत नाही. अलीकडच्या स्वच्छ छपाईवर ते चांगले चालते. ठाण्यात १ जून १८९३ रोजी स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी जी जुन्या खिळ्यांची, पिवळ्या पानांची पुस्तके असतात, त्यांच्यावर मात्र ते ठेचकाळते.

कोशांसाठी तर आंतरजाल ही पर्वणीच. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधण्याच्या सोयीसह खुले आहेत. मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश राज्य शासनाच्या संकेतस्थळांवर आहेत.

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. घरगुती ग्राहकांना सुरक्षा-सुधारणांसाठी वाढीव वर्ष देऊ केले गेले आणि त्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरवण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक एका फटक्यात ‘जुने’ ठरले. दुकानदार नवा घ्या म्हणणार, यात नवल नाही.

असे यंत्र मोडीत काढण्यापूर्वी त्याच्यावर लिनक्स मिंट चालवून पाहावे. विंडोजची सवय असलेल्याला ते फारसे परके वाटत नाही. खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात यादी, उजवीकडे घड्याळ, सारे ओळखीचे. संकेतस्थळावरून प्रतिमा-फाइल उतरवावी, रुफस या छोट्या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर चढवावी आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावा. हार्ड डिस्कला धक्का न लावता सारी प्रणाली चालवून बघता येते. आवाज येतो का, वायफाय जोडते का, प्रिंटर छापतो का, हे पाहून मगच ती कायम बसवायची की नाही ते ठरवावे. चार जीबी मेमरीवर हलक्याफुलक्या कामांपुरते भागते. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर तेच यंत्र ओळखू येणार नाही इतके चपळ होते. खर्च करायचाच तर येथे करावा.

मात्र टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्याने, श्रीलिपीवर व्यवसाय चालवणाऱ्याने किंवा डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी किल्ली रोज वापरणाऱ्याने या वाटेला सहसा जाऊ नये. काही जुने लेझर प्रिंटरही लिनक्सवर हटवादीपणा करतात. ज्या निवृत्त गृहस्थांना वृत्तपत्रे वाचायची, ईमेल पाहायची, परदेशी असलेल्या नातवंडांशी बोलायचे आणि बँकेचे खाते बघायचे आहे, त्यांच्यासाठी मिंट विंडोजपेक्षा उजवे आहे असे आमचे मत. शिकण्याची सोय आपल्या पवईतच झाली आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाने लिनक्स, लिब्रेऑफिस, गिंप आदी विषयांचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले असून त्यांतील अनेक मराठी निवेदनासह आहेत. ते विनामूल्य पाहता येतात.

अर्ज, पीडीएफ आणि पन्नास केबी

कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभीच नागरी सुविधा केंद्र संगणकावर आणले आणि राज्यातील इतर पालिकांपुढे तो नमुना म्हणून ठेवला गेला. त्यानंतर मालमत्ता कर, वीजबिल, सातबारा सारेच पडद्यावर आले, आणि त्याबरोबर एक नवी डोकेदुखीही: ‘छायाचित्र ५० केबीपेक्षा कमी हवे’, ‘सर्व कागद एका पीडीएफमध्ये जोडा’. मग मंडळी घाईघाईने आंतरजालावरील पहिल्या मोफत संकेतस्थळावर आधार, पॅन आणि इंडेक्स टू चढवतात. हे टाळावे. पीडीएफ २४ किंवा पीडीएफसॅम बेसिक संगणकावर बसवले की जोडणे, तोडणे घरच्या घरी होते. कागद परक्या यंत्रावर जात नाहीत. छायाचित्राचा आकार इर्फानव्ह्यू कमी करून देतो. एक सावधगिरी: डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा दुसऱ्या पीडीएफला जोडला किंवा पुन्हा ‘प्रिंट’ करून पीडीएफ बनवला, तर त्यावरील स्वाक्षरी पडताळता येत नाही. तो मूळ स्वरूपातच वेगळा ठेवावा.

कोठून उतरवावे

शोधयंत्रात नाव टंकल्यावर सर्वांत वर येते ती अनेकदा जाहिरात असते आणि तिच्यामागे असते नकली संकेतस्थळ. व्हीएलसीचे खरे घर व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. २०२२ मध्ये कित्येक महिने हे संकेतस्थळ भारतात अडवले गेले होते. कायदेशीर नोटीस गेल्यानंतर नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा खुले झाले. मधल्या काळात लोकांनी व्हीएलसी कोठून कोठून आणले असेल कोणास ठाऊक. ज्यांना शंका आहे त्यांनी ते काढून मूळ ठिकाणाहून पुन्हा बसवावे. कोणतीही शंकास्पद फाइल व्हायरसटोटल या संकेतस्थळावर चढवली तर अनेक व्हायरसरोधकांचा कौल एकदम मिळतो. ती फाइल खासगी कागद नसावी, हे ओघाने आलेच.

वेगळा मोफत व्हायरसरोधक आता घेण्याची गरज राहिलेली नाही. विंडोजमधील डिफेंडर पुरे. अव्हास्टने आपल्या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या भटकंतीची माहिती विकल्याचे उघड झाल्यावर २०२० मध्ये ती उपकंपनी बंद करावी लागली होती. संगणक ‘साफ’ करणाऱ्या सुविधाही नकोत. एकेकाळी प्रत्येक संगणकावर असलेल्या सीक्लीनरच्या अधिकृत प्रतीतच २०१७ मध्ये घुसखोरांचा कोड शिरला होता. फायरफॉक्सला यूब्लॉक ओरिजिन हा जाहिरातरोधक जोडावा. नकली ‘डाउनलोड’ बटणे निम्मी त्यानेच नाहीशी होतात. संकेतशब्द डायरीच्या मागच्या पानावर लिहिण्यापेक्षा कीपासएक्ससीमध्ये ठेवावेत.

एनीडेस्क हे सॉफ्टवेअर मात्र वेगळ्या कारणाने सांगायचे. पुण्यातल्या मुलाने ठाण्यातल्या आईचा संगणक दुरून दुरुस्त करावा, यासाठी ते उत्तम. परंतु बँकेतून बोलतो असे सांगणारा भामटाही तेच बसवायला लावतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये याविषयी इशारा दिला होता. आपण स्वतः ज्याला फोन केला नाही, त्याच्या सांगण्यावरून काहीही बसवू नये. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

छायाचित्रे आणि आवाज

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीच्या आणि खाडीच्या काठावरील वस्त्यांत तळमजल्यावर पाणी शिरले, तेव्हा टेबलाखाली ठेवलेले सीपीयू त्यात बुडाले. संगणक नवा घेता येतो. त्यातील मुंजीची आणि बारशाची छायाचित्रे परत मिळत नाहीत. फ्रीफाइलसिंक या सॉफ्टवेअरने बाहेरच्या हार्ड डिस्कवर महिन्यातून एकदा प्रत काढावी, आणि ती डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलाकडे, ठेवावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हार्ड डिस्कची प्रकृती दाखवते. ‘उत्तम’ऐवजी ‘सावधान’ असा शेरा दिसला तर त्याच दिवशी प्रत काढावी. चुकून पुसलेली छायाचित्रे फोटोरेक बऱ्याचदा परत आणते, फायलींची मूळ नावे तेवढी गमावतात. मात्र पुसल्याचे लक्षात येताच त्या कार्डावर नवे काहीही साठवू नये. २०१६ मध्ये गुगलने बंद केलेल्या पिकासाची ज्यांना अजून आठवण येते त्यांनी डिजीकॅम पाहावे.

कॅसेटचा खण अजून घरात असेल तर ऑडॅसिटी घ्यावे. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या ‘लाइन-इन’पर्यंत साधी तार ओढायची, की सी-नव्वदची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत उतरते. लॅपटॉपला बहुधा ‘लाइन-इन’ नसते, तेव्हा छोटा यूएसबी जोड घ्यावा लागतो. खरखर कमी करण्याची सोय त्यात आहे, पण ती बेताने वापरावी. हात सैल सोडला की तंबोरा पाण्यातून आल्यासारखा ऐकू येतो. जतन करायची प्रत फ्लॅक प्रकारात ठेवावी आणि नातेवाइकांना धाडण्यासाठी एमपी३ वेगळी काढावी. विकत घेतलेल्या नाट्यगीतांच्या कॅसेटी मागे राहिल्या तरी चालतील, त्यांच्या प्रती अन्यत्र मिळतात. आजोबांचे बोलणे, आत्याने म्हटलेल्या ओव्या, घरच्या कार्यक्रमातले गाणे ज्या फितीवर आहे ती आधी उतरवावी. फीत फार वर्षे फिरवली नसेल तर एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळून घ्यावी आणि मगच वाजवावी, म्हणजे ती मध्येच अडकण्याचा धोका कमी होतो.